शिपायाचा आवाज आणि शिपायाची ढाल

९ सप्टेंबर १९१९च्या संध्याकाळी बॉस्टनच्या पोलिसांनी काम सोडले. पंधराशेच्या आसपास शिपाई होते. त्यांतले अकराशेहून अधिक ठाण्यांबाहेर पडले. त्यांच्या तक्रारी साध्या होत्या. आठवड्याला सत्तर तास, काहींना तर नव्वदहून जास्त तास ड्यूटी करावी लागे. गणवेशाचा खर्च स्वतःच्या खिशातून करावा लागे. ठाण्यातल्या ज्या खोल्यांत रात्र काढायची, त्या कळकट आणि किड्यामुंग्यांनी भरलेल्या. महायुद्धानंतरच्या महागाईत पगार पुरेनासा झाला होता. म्हणून त्यांनी युनियन काढली आणि ती अमेरिकन फेडरेशन ऑफ लेबर या कामगार महासंघाला जोडली. पोलीस आयुक्त एडविन कर्टिस यांनी युनियनच्या पुढाऱ्यांना निलंबित केले आणि संप पेटला. शहरात लूटमार झाली, राज्याचे सैनिक रस्त्यावर आले. सार्वजनिक सुरक्षिततेविरुद्ध संप करण्याचा हक्क कुणालाही, कुठेही, कधीही नाही, असे मॅसॅच्युसेट्सचे गव्हर्नर कॅल्विन कूलिज यांनी जाहीर केले. त्या भूमिकेमुळे ते देशभर गाजले, पुढच्याच वर्षी उपाध्यक्षपदी निवडून आले आणि १९२३मध्ये राष्ट्राध्यक्ष झाले.

संपकऱ्यांना नोकरीवर परत घेतले गेले नाही. त्यांच्या जागी भरती झालेल्या नव्या शिपायांना मात्र वाढीव पगार मिळाला आणि गणवेशही सरकारी खर्चाने मिळाला. म्हणजे मागण्या रास्त होत्या हे सरकारने कबूल केले. शिक्षा झाली ती त्या एकत्र येऊन मागितल्याबद्दल.

हे वाचताना मुंबईची आठवण येणे अटळ आहे. १८ ऑगस्ट १९८२ रोजी बाबासाहेब भोसले यांच्या सरकारने पोलीस कर्मचाऱ्यांच्या संघटनेची मान्यता काढून घेतली, पुढाऱ्यांना अटक केली आणि वरळी-नायगावच्या पोलीस वसाहतींतून संताप उसळला. गिरणी संपाला तेव्हा बरोबर सात महिने झाले होते. एरवी एकमेकांसमोर लाठी आणि घोषणा घेऊन उभे राहणारे शिपाई आणि गिरणी कामगार त्या दिवशी एकाच रस्त्यावर होते. बीडीडी चाळींत ते शेजारी म्हणूनच राहत होते. शहर शांत करायला निमलष्करी दले आणि लष्कर बोलवावे लागले. अनेक पोलीस बडतर्फ झाले आणि महाराष्ट्रातल्या शिपायाचा सामूहिक आवाज बंद झाला.

कायद्याची चौकट आधीपासून होतीच. शिस्तबद्ध दलांच्या मूलभूत हक्कांवर मर्यादा घालण्याची मुभा राज्यघटनेच्या ३३व्या अनुच्छेदाने संसदेला दिली आहे आणि १९६६च्या कायद्यानुसार पोलिसाला परवानगीशिवाय संघटनेत जाता येत नाही. तरीही याच चौकटीत केरळमध्ये पोलिसांच्या मान्यताप्राप्त संघटना चालतात. दार कायद्याने पुरते बंद केलेले नाही, ते उघडायचे की नाही हे राज्य सरकार ठरवते.

आवाज बंद केला म्हणून गाऱ्हाणे संपत नाही. ते दुसरी वाट शोधते. एकत्र मागता येत नाही तेव्हा प्रत्येक जण एकेकटा मागतो. बदली हवी, मुलाच्या शाळेजवळचे क्वार्टर हवे, आजारी आईसाठी गावाकडचा जिल्हा हवा, तर आमदाराची चिठ्ठी शोधावी लागते. ज्याने चिठ्ठी दिली त्याचा फोन उद्या ठाण्यात आला, तर शिपाई तो कसा टाळणार? पोलीस दलातला राजकीय हस्तक्षेप वरून, मंत्रालयातून येतो असे आपण समजतो. त्याचे एक मूळ खाली, शिपायाच्या या एकटेपणात आहे. सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली प्रकाश सिंह खटल्यात बदल्यांसाठी पोलीस आस्थापना मंडळ आणि नागरिकांसाठी तक्रार प्राधिकरण नेमायला सांगितले, ते हीच दुखणी ओळखून. शिवाय शिपाई मोर्चा काढू शकत नाही, म्हणून त्याच्या घरच्या बायका रस्त्यावर येतात. २०२१मध्ये गुजरातेत, २०२४मध्ये तेलंगणात हेच दिसले.

मग शिपायाला मोकळा आवाज द्यावा, हा सरळ निष्कर्ष झाला असता. पण अमेरिकेच्या गोष्टीचा उत्तरार्ध वाचल्यावर थांबून विचार करावा लागतो.

बॉस्टननंतर काही दशके अमेरिकन पोलिसांची संघशक्ती दबलेली होती. १९६०च्या दशकात सरकारी नोकरांना सामूहिक वाटाघाटीचा हक्क राज्याराज्यांतून मिळू लागला आणि पोलिसांना संपापेक्षा प्रभावी हत्यार सापडले. ते हत्यार म्हणजे मत. १९६६ साली न्यूयॉर्कचे महापौर जॉन लिंडसे यांनी पोलिसांविरुद्धच्या तक्रारी तपासणाऱ्या मंडळात बाहेरचे नागरिक नेमले. शिपायांच्या संघटनेने त्याविरुद्ध सार्वमत घडवून आणले आणि गुन्हेगारीच्या भीतीवर प्रचार उभा केला. ६० टक्क्यांहून अधिक मतदारांनी ते मंडळ नाकारले. गुन्ह्याला घाबरलेल्या समाजात पोलिसाचा पाठिंबा हे निवडणुकीतले मोठे नाणे आहे, हे त्या दिवशी सर्व पक्षांना कळले.

पुढचे काम शांतपणे राज्यांच्या विधिमंडळांत झाले. १९७४ साली मेरीलँडने पोलिसांच्या हक्कांची सनद कायद्यात आणली आणि नंतर डझनभराहून अधिक राज्यांनी तोच मार्ग धरला. त्यातली काही कलमे न्याय्यच होती. आरोप काय आहे ते कळावे, रात्र रात्र बसवून जबाब घेऊ नये, हे कुणालाही पटेल. पण त्याच कायद्याने चौकशी सहकारी पोलिसांच्याच हाती ठेवली आणि वकील मिळवण्यासाठी पोलिसाला दहा दिवसांची मुदत दिली. त्या मुदतीत त्याचा जबाब घेता येत नसे. १९७६ साली न्यूयॉर्क राज्याने पोलिसांचे सेवा अभिलेख गोपनीय केले. साक्षीच्या वेळी वकिलांनी जुन्या नोंदी उकरून शिपायाला छळू नये, हा मूळ हेतू. कालांतराने त्या कलमाची भिंत झाली आणि कोणत्या पोलिसावर किती तक्रारी सिद्ध झाल्या हेही नागरिकाला कळेनासे झाले.

हे का घडले? मला त्याचे कारण वाटाघाटीच्या हिशेबात दिसते. पगार वाढवायचा तर तिजोरीतून पैसा काढावा लागतो, कर वाढवावा लागतो. चौकशीचे नियम सैल करायला आजच्या अर्थसंकल्पातून दमडीही जात नाही. राज्यकर्त्याला ही सवलत फुकट वाटते आणि संघटनेला विजय मिळतो. त्याची किंमत पुढे कधीतरी एखादा नागरिक मोजतो आणि वाटाघाटीच्या वेळी तो नागरिक खोलीत नसतो.

पोलीस संघटनांच्या या ताकदीचा अंदाज २०११ साली दोन राज्यांनी दिला. विस्कॉन्सिनचे गव्हर्नर स्कॉट वॉकर यांनी शिक्षकांसह बहुतेक सरकारी नोकरांचे वाटाघाटीचे हक्क काढून घेतले, पण पोलीस आणि अग्निशमन दलाला वगळले. मॅडिसनचे विधानभवन आंदोलकांनी भरून गेले, तरी कायदा झाला. ओहायोने त्याच वर्षी तसाच कायदा केला, त्यात पोलीसही घेतले. तो कायदा सार्वमताला टाकला गेला आणि नोव्हेंबरमध्ये मतदारांनी मोठ्या फरकाने रद्द केला. पोलीस आणि अग्निशामक इतर कामगारांच्या बाजूला उभे राहिले की काय होऊ शकते, तेही ओहायोत दिसले. संघटित पोलीस ही लोकशाहीला घातकच शक्ती आहे, असे म्हणणे म्हणूनच मला मान्य नाही.

पण या कायद्यांनी पोलिसाला दिलेल्या ढालीची किंमत खरी होती. जुलै २०१४मध्ये न्यूयॉर्कच्या स्टेटन आयलंडवर पोलिसाने मानेभोवती घातलेल्या विळख्यानंतर एरिक गार्नरचा मृत्यू झाला. त्या पोलिसाची मागची नोंद काय, हे विचारणाऱ्यांपुढे १९७६चे कलम धरले गेले. गार्नरची आई ते कलम रद्द व्हावे म्हणून वर्षानुवर्षे लढली. पोलिसाच्या हातून झालेल्या जॉर्ज फ्लॉइडच्या मृत्यूनंतर देश पेटला, तेव्हा जून २०२०मध्ये ते रद्द झाले. मेरीलँडने २०२१मध्ये गव्हर्नरचा नकाराधिकार ओलांडून आपली सनद मागे घेतली. ढाल खाली ठेवायला न्यूयॉर्कला ४४ वर्षे लागली, मेरीलँडला ४७.

दोन्ही गोष्टी शेजारी ठेवल्या की मला एक रेघ स्पष्ट दिसते. ड्यूटीचे तास, पगार, साप्ताहिक सुट्टी, घर, बदलीचा न्याय, यांसाठी शिपायाला संघटना हवी, मान्यताप्राप्त हवी, तिच्या निवडणुका व्हायला हव्यात. संपाचा हक्क तिला नसावा, पण त्याच्या बदल्यात सरकारला बांधील ठरणारा निःपक्ष लवाद असावा. नागरिकाच्या अंगावर उठलेला वळ मात्र सरकार आणि संघटना या दोघांच्या सौद्याचा विषय कधीच होता कामा नये. तक्रार, चौकशी, नोंदींची गोपनीयता, यांवरचा प्रत्येक नियम उघड्यावर, विधिमंडळात, नागरिकाला ऐकून ठरायला हवा. महाराष्ट्रात शिपायाची संघटना नाही आणि नागरिकाचे तक्रार प्राधिकरण कागदावरून ठाण्यापर्यंत पोहोचताना धापा टाकते. दोघांचे दुबळेपण एकत्र नांदते आहे, हे आपण पाहत नाही.

२०१६च्या मे महिन्यात मुंबईतल्या देवनार पोलीस ठाण्यात आठ तासांच्या ड्यूटीचा प्रयोग सुरू झाला. त्याचे वेळापत्रक त्याच ठाण्यातल्या एका शिपायाने आखले होते आणि तेव्हाचे आयुक्त दत्ता पडसलगीकर यांनी ते ऐकून घेतले. बारा-बारा तास उभे राहणाऱ्या माणसाला आपल्या दुखण्यावरचा उपाय ठाऊक होता. पण तो ऐकला गेला एका अधिकाऱ्याच्या चांगुलपणामुळे, आणि चांगुलपणाची बदली होते.

देवनारचा तो शिपाई आणि स्टेटन आयलंडची ती आई एकमेकांना कधी भेटणार नाहीत. दोघेही एकाच बंद दाराबाहेर ताटकळत उभे होते. पोलीस सुधारणेचा आपला पुढचा मसुदा लिहिला जाईल, तेव्हा त्या खोलीत सरकारसमोर दोन खुर्च्या मांडल्या पाहिजेत. एक ठाण्यातल्या शिपायासाठी, दुसरी त्याच ठाण्याच्या दारात तक्रार घेऊन आलेल्या माणसासाठी.