मनन की झडती?

‘मनन’ आणि ‘झडती’ या दोन शब्दांत मोठे अंतर आहे. मनन ज्याचे त्याने करायचे. झडती दुसरा घेतो. परिचारिकांच्या शिक्षणात मात्र मननाची झडती कधी होते, ते कळतही नाही.

जाणता व्यावसायिक शिकलेले सिद्धांत नुसते लावत बसत नाही, काम करताना आणि ते संपल्यावरही त्याचा विचार करतो, असे डोनाल्ड शॉन यांनी १९८३ मध्ये मांडले. १९८८ मध्ये ग्रॅहम गिब्ज यांनी अशा चिंतनाच्या सहा पायऱ्या आखल्या: काय घडले, काय वाटले, बरेवाईट काय होते, असे का झाले, आणखी काय करता आले असते, पुढे काय करणार. नर्सिंगच्या शिक्षणात त्या रुळल्या. ब्रिटनमध्ये तर २०१६ पासून परिचारिकांना नोंदणी टिकवण्यासाठी दर तीन वर्षांनी अशी पाच टिपणे लिहावी लागतात.

हेतू चांगलाच आहे. पण विद्यार्थिनीच्या टिपणाला गुण द्यायचे म्हटले की काय होते? समजा, रात्रपाळी आहे. खाटा तीस, सिस्टर दोघी. एक आजी सारखे पाणी मागताहेत. ‘आलेच हं’ म्हणून विद्यार्थिनी दुसऱ्या रोग्याकडे धावते आणि पाणी राहून जाते. टिपणात ती लिहिते: मला वाईट वाटले, यापुढे वेळेचे नियोजन करीन. सहाही पायऱ्या पूर्ण, गुण चांगले. आजींचा तिला राग आला होता, हे कागदावर येत नाही. तिसरी सिस्टर हवी होती, हेही येत नाही.

म्हणजे ती दोन गोष्टी शिकली: पश्चात्ताप कसा सजवावा आणि व्यवस्थेची उणीव आपल्या पदरात कशी घ्यावी. दुसरी अधिक घातक.

गुण नसतील तर लिहील कोण, असे कुणी विचारील. लिहिणे सक्तीचे असू द्या, गुण नकोत. विचार करता येतो की नाही हे तपासायचेच असेल, तर दुसऱ्या कुणाचा प्रसंग देऊन तपासता येईल. रोग्याला इजा झाली असेल, तर ती कळवण्याची वाट वेगळी आणि उघडी हवी. टिपणवही ही तिची जागा नव्हे. आणि वर्गात पहिले टिपण शिक्षिकेने स्वतःचे वाचावे.

‘मला राग आला’ असे जिला निर्धास्तपणे लिहिता येते, तिलाच पुढच्या वेळी तो राग वेळेवर ओळखता येतो. तिसरी सिस्टर का नाही, हे विचारण्याचे बळही तिलाच येते.