पदवी कुठली?

2007 सालच्या सप्टेंबरअखेरची गोष्ट. अमेरिकेतल्या 'डेस्परेट हाउसवाइव्हज' या गाजलेल्या मालिकेत सुझनला डॉक्टर नको ते निदान सांगतात. ती फटकन त्यांच्या पदव्या बघायला मागते. फिलिपिन्समधल्या कुठल्या मेडिकल कॉलेजच्या तर नाहीत ना, म्हणून! फिलिपिनो माणसं खवळली, निषेधाच्या अर्जावर लाखभर सह्या झाल्या. मालिका दाखवणाऱ्या एबीसी वाहिनीने माफी मागितली.

'एवढं काय मनाला लावून घ्यायचं?' म्हणणारे तेव्हाही होतेच. पण मनिलाच्या सान्तो तोमास विद्यापीठात 1871 पासून वैद्यक शिकवलं जातं. आपल्याकडचीही कितीतरी मुलं डॉक्टर व्हायला फिलिपिन्समधल्या दवाओ शहरात जातात. त्यांच्या आईवडिलांना हा विनोद ऐकवून बघा.

एखादं कॉलेज टाकाऊ असेल तर खुशाल नाव घेऊन झोडपावं, त्यात देशाचा अपमान कसला? अख्ख्या देशाची पदवी हसण्यावारी नेणं मात्र आळशी विनोद.

आणि ज्यांच्या पदवीला हसलं गेलं, त्यांनी रुग्णसेवेत काय मोजलं तेही बघा. अमेरिकेतल्या परिचारिकांमध्ये फिलिपिनो जेमतेम चार टक्के. 2020 च्या सप्टेंबरपर्यंत कोविडने दगावलेल्या तिथल्या परिचारिकांत मात्र जवळजवळ एक तृतीयांश फिलिपिनो होत्या. ही मोजदाद परिचारिकांच्याच संघटनेने केली.