वाटेत असतानाच



गेल्या महिन्यात मिस्सानंतर एक आजोबा माझ्याकडे आले. त्यांची परवानगी घेऊन, नावगाव न सांगता लिहितो. मुलगा आणि सून तीन वर्षे वेगळे राहतात. सून नर्स आहे. तिला परदेशात नोकरी मिळाली असून सात वर्षांच्या मुलाला ती बरोबर नेणार म्हणते. मुलगा म्हणतो, पासपोर्टच्या कागदावर सही करणार नाही. आजोबांनी विचारले, "फादर, न्याय कोणाच्या बाजूने आहे?"

मला शलमोन राजापुढे आलेल्या दोन स्त्रिया आठवल्या (१ राजे ३). बाळाचे दोन तुकडे करा म्हटल्यावर खरी आई हक्क सोडायला तयार झाली. आपल्या घरातल्या भांडणात अडचण अशी, की आईही खरी असते आणि बापही खरा. तलवार उपसून काही सिद्ध होत नाही.

जुलै २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयासमोर असेच प्रकरण आले. पुण्याच्या एका आईला नऊ वर्षांच्या मुलीला घेऊन नोकरीसाठी पोलंडला जायचे होते. कौटुंबिक न्यायालयाने नकार दिला होता. उच्च न्यायालयाने परवानगी दिली, पण सुट्टीत मुलीची वडिलांशी भेट घडवण्याची अटही घातली. म्हणजे निकाल लागला तरी शेवटी सुट्ट्या आणि भेटींवरच यावे लागले. मग ते दोघांनी आधीच बसून का ठरवू नये?

वाद्याशी वाटेत असतानाच समेट कर, असे प्रभू येशू सांगतो (मत्तय ५:२५). इथे वाट म्हणजे तिकीट काढण्यापूर्वीचे दिवस. मुले परत आणण्यासंबंधीच्या १९८० च्या हेग करारात भारत सामील नाही. न विचारता मूल एकदा नेले, की पुढची लढाई वर्षानुवर्षे चालू शकते.

मध्यस्थी मीच करावी, असे आजोबांना वाटत होते. मी नाही म्हटले. त्या दोघांचे लग्न मी लावले आहे. मी काहीही बोललो तरी एकाला ते दुसऱ्याचेच वाटेल. मी त्यांना जिल्हा न्यायालयातील विधी सेवा प्राधिकरणाकडे पाठवले. १९८७ च्या कायद्यानुसार स्त्रियांना आणि मुलांना, उत्पन्न कितीही असो, तिथे मोफत कायदेशीर मदत मिळते. मध्यस्थ निकाल देत नाही, दोघांना बोलते करतो. तिथले बोलणे कोर्टात पुरावा होत नाही, म्हणून माणूस स्वतःची चूकही कबूल करू शकतो. जे ठरेल ते मात्र लिहून न्यायालयाकडून मंजूर करून घ्यावे. आणि जिथे मारहाण झाली आहे, तिथे "बसून मिटवा" असा आग्रह कोणी, चर्चच्या नावानेही, धरू नये.

पतिपत्नी विभक्त झाले तरी मुलांच्या पालनपोषणाची व शिक्षणाची तरतूद झालीच पाहिजे, असे चर्चचा कायदा सांगतो (कॅनन ११५४). आजोबांना मी एका कागदावर प्रश्न लिहून दिले: फोन कोणत्या वेळी, इकडच्या की तिकडच्या? सुट्टीचे तिकीट कोण काढणार? पहिला ख्रिस्तप्रसाद कुठे? घरात मराठी राहील ना?

शेवटचा प्रश्न आजोबांनी स्वतः लिहिला: हरेगावच्या मतमाउलीच्या यात्रेला नातू एकदा तरी येईल का? सप्टेंबरात तिकडे शाळा असते, हे त्यांना ठाऊक आहे.

दोघे बसायला तयार झाले आहेत. पुढच्या आठवड्यात पहिली बैठक आहे. त्या घरासाठी प्रार्थना करा.

तुमचा फादर