बाबांशी आधी बोल

अकोला

प्रिय पोरी,


काल फोनवर तू विचारत होतीस, बाबांना मुंबईला नेताना काय सांगायचं? तोंडातला छाला बरा होत नाही, मोठ्या डॉक्टरला दाखवून येऊ, एवढंच सांगायचं असं घरात ठरलंय. मला ते पटलेलं नाही. तुझी आई शेजारी होती म्हणून तेव्हा बोलले नाही, आता लिहिते.

तुझे बाबा, माझे भाऊजी, रोज सकाळी पेपर शेवटच्या पानापर्यंत वाचणारा माणूस. परळला टाटा रुग्णालयाच्या दारात उतरले की पाटी वाचतील. रांगेत कुणाच्या गालावर पट्टी असेल, कुणाच्या नाकात नळी. आजार त्यांना तिथंच कळेल, आणि घरातल्या सगळ्यांना तो आधीच ठाऊक होता हेही कळेल. दुसरी गोष्ट जास्त लागेल. मग पुढच्या प्रत्येक कागदाकडे ते संशयानं बघतील.

तुझ्या आजीच्या वेळी तू लहान होतीस. तिच्या छातीत गाठ होती आणि आम्ही भावंडं तिच्यासमोर खाणाखुणांनी बोलायचो. डॉक्टरही आमच्याकडे बघूनच सांगत होते. तिनं थोडा वेळ ऐकून घेतलं आणि म्हणाली, ‘डॉक्टरले म्हणा, माह्यासंगं बोला.’ त्यांनी खुर्ची तिच्याकडे वळवली. ऑपरेशन, औषधं, मग रेडिएशनचा शेक, सगळं तिला समजावून सांगितलं. तिनं दोनच प्रश्न विचारले: हा हात पहिल्यासारखा चालंन का, आणि घरी कधी जाता येईल? आम्ही कागदावर लिहून नेलेल्या प्रश्नांत हे दोन्ही नव्हते. त्यानंतर तिच्या तोंडून ‘मले काहून आणलं इथं’ असं कधी आलं नाही.

म्हणून गाडीत बसण्याआधी सांग. शेतातून आल्यावर, हातपाय धुऊन बसले की, तू एकटीच. बायोप्सीत कॅन्सर निघालाय, मुंबईला त्याच्याच दवाखान्यात जायचंय, मी सोबत आहे. बरं होण्याची खात्री देऊ नकोस, ती तुझ्या हातात नाही. ते गप्प राहिले तर गप्प राहू दे. बायोप्सीची काच आणि मेणाचा ठोकळा मात्र इथल्या लॅबमधून मागून घे. नुसता रिपोर्ट पुरत नाही, तिथं ते स्वतः पुन्हा तपासतात.

तंबाखूच्या खर्ऱ्यावरून त्यांना कुणी बोलू लागलं तर थांबव. गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, तरी आपल्याकडे चौकाचौकात खर्रा घोटला जातो. त्यांनी तो खाल्ला हे खरं, पण आजारी माणसाला आता दोष देऊन काय साधणार? खर्रा सुटणं मात्र गरजेचं आहे. दिवसाला किती खायचे ते त्यांचं त्यांना डॉक्टरांना सांगू दे. तू आकडा कमी करून सांगू नकोस.

पैशाचं दडपण घेऊ नका. महात्मा फुले जन आरोग्य योजना आहे. आपल्या अमरावती विभागातल्या शेतकऱ्यांना पांढऱ्या रेशनकार्डावरही ती आधीपासून होती, आता सगळ्याच कुटुंबांना आहे. रेशनकार्ड, आधार, सातबारा बरोबर ठेव आणि पहिल्याच दिवशी दवाखान्यात योजनेच्या आरोग्यमित्राला भेट. मंजुरी उपचाराआधी लागते. नाव नोंदलं की रेल्वेच्या सवलतीचा फॉर्मही माग. स्लीपर आणि थ्री-टायर एसीत रुग्णाला भाडं माफ असतं, सोबतच्याला पाऊण भाग सूट मिळते.

राहण्यासाठी दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आहे. खोली मिळेलच असं नाही. दवाखान्यातल्या समाजसेवा विभागात विचार, ते इतर जागाही सांगतात. गाडगे महाराज म्हणजे शेंडगावचा आपला माणूस. जे. जे. रुग्णालयातल्या रुग्णांच्या नातेवाइकांसाठी त्यानं १९५४ साली मुंबईत धर्मशाळा उभारली. खाटेवरच्या माणसाची सोय बघणारे पुष्कळ असतात, फुटपाथवर गाठोडं घेऊन बसलेल्या त्याच्या लेकीकडे कुणी बघत नाही. गाडगेबाबांनी बघितलं. टाटा रुग्णालयामागेही असंच दुःख आहे. मेहेरबाई टाटा १९३१ साली रक्ताच्या कर्करोगानं विलायतेत वारल्या. तिथं होते तसे उपचार इथं मिळावेत, ही त्यांच्या पतीची, दोराबजींची इच्छा. त्यांच्या नावाच्या ट्रस्टनं २८ फेब्रुवारी १९४१ ला हे रुग्णालय सुरू केलं.

तिथं लगेच काही होत नाही, म्हणून चिडू नकोस. ऑपरेशनचे, शेकाचे, औषधांचे डॉक्टर मिळून ठरवतात आणि त्याला दिवस जातात. शेक द्यायचा ठरला तर आठवड्यातले पाच दिवस, साधारण सहा आठवडे चालतो. तेव्हा स्पष्ट विचार, हा भाग नागपुरात होईल का? त्यात संकोच कसला? नागपूरला तुकडोजी महाराजांच्या नावाचं कॅन्सर रुग्णालय आहे. महाराज स्वतः १९६८ साली याच आजारानं गेले. मोझरीवरून जाताना भाऊजी एसटीत ज्यांना हात जोडतात, तेच महाराज. नागपूरहून घरी येता-जाता येतं, आणि घरच्या माणसांना पाळीपाळीनं सोबत करता येते. तू एकटीनं महिनोन्‌महिने मुंबईत राहू नकोस. तुझा मामा आणि मी अदलाबदल करू.

शेताचं कुणी परस्पर ठरवू नका. फवारणी कधी, कोणतं औषध, मजुरी किती द्यायची, हे सगळं भाऊजींना फोनवर विचारत राहा. दवाखान्यात दिवसभर इतर लोक त्यांना सांगणार, तोंड उघडा, इकडे वळा, उद्या या. सोयाबीन तरी त्यांच्या शब्दानं चालू दे. सालगड्याशी मी बोलून घेतलं आहे. तो रोज संध्याकाळी त्यांनाच फोन करील, तुला नाही.

अमरावतीहून रात्रीची मुंबई गाडी धरा. ती सकाळी दादरला पोचते, तिथंच उतरा. तिकीट निघालं की डबा नंबर कळव. गाडी अकोल्याला थांबते, मी फलाटावर येते. भाऊजींसाठी मुगाची पातळ खिचडी आणेन, बिनतिखटाची. तुझ्यासाठी पोळ्या आणि ठेचा. तू तो त्यांच्यासमोर खाऊ नकोस.

तुझी,
मावशी