आत कोण उतरणार?

यंत्रमानव काय काय करू शकेल, याचे आपल्याला मोठे कुतूहल असते. त्याने काय करावे आणि काय करू नये, हा प्रश्न मात्र मागे राहतो. 'रोबो' हे नाव कारेल चापेक यांच्या १९२० सालच्या नाटकातून आले. त्याच्या मुळाशी वेठबिगारी हा अर्थ असलेला झेक शब्द आहे.

२०१५ साली कोझिकोड येथे मॅनहोलमध्ये उतरलेले दोन कामगार गुदमरले. त्यांना वाचवण्यासाठी नौशाद हा रिक्षाचालक खाली उतरला. तिघेही दगावले. या घटनेने अस्वस्थ झालेल्या केरळातील तरुण अभियंत्यांनी 'बँडिकूट' नावाचा यंत्रमानव घडवला व २०१८ मध्ये तो तिरुवनंतपुरम येथे कामाला लागला. तो विषारी वायू ओळखतो, यांत्रिक हातांनी गाळ उपसतो; माणूस वर, मोकळ्या हवेत उभा राहून त्याला चालवतो.

गोरेगावातील आपण धर्मग्रामस्थ अशाच झाकणांवरून चालत रविवारी मिस्साला जातो. संरक्षक साधनांविना माणसाला गटारात उतरवण्यास २०१३ च्या कायद्याने बंदी आहे. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा मृत्यूची भरपाई १० लाखांवरून ३० लाख रुपये केली. तरीही माणसे उतरवली जातात, कारण यंत्रापेक्षा गरिबाचा जीव स्वस्त वाटतो.

यंत्रमानवाने माणसाला इजा करू नये, असा नियम आयझॅक असिमोव्ह यांनी १९४२ साली एका कथेत मांडला. परंतु यंत्राला सदसद्विवेकबुद्धी नसते. म्हणून नियमाचे बंधन त्याच्या धन्यावरच हवे. कोणत्याही यंत्राने मानवी जीव घेण्याचा निर्णय कधीही करू नये, असे पोप फ्रान्सिस यांनी जून २०२४ मध्ये जी-७ राष्ट्रप्रमुखांना बजावले. पोप लिओ चौदावे यांनी मे २०२५ मध्ये आपल्या नावाचा संबंध तेराव्या लिओंच्या १८९१ सालच्या कामगारविषयक परिपत्रकाशी जोडला, तो याच नव्या यंत्रयुगाकडे बोट दाखवून. यंत्र आले म्हणून कामगाराची भाकरी जाऊ नये. गटारात उतरणाऱ्याच्याच हाती त्या यंत्राची कळ प्रथम द्यावी, हा त्या शिकवणुकीचा सरळ अर्थ आम्हांस वाटतो.

कोणाही नौशादला उतरावे लागू नये, यासाठी यंत्र हवेच. मात्र तो ज्या प्रेमाने उतरला, ते कोणत्याही यंत्रात भरता येत नाही. ते आपल्याकडूनच अपेक्षित आहे. आपल्या इमारतीची टाकी साफ करायला कोणी आले, तर "किती घेणार?" या आधी "आत कोण उतरणार?" एवढे तरी आपण विचारू या.