दफ्तरातील माणूस

माझी पुतणी गेली काही वर्षे अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्याच्या ग्रामीण भागात राहते. सभोवती गुरांचे गोठे, मक्याची शेते आणि मैलामैलावर एखादे घर. बसगाडीची सोय नाही. चर्चमध्ये मुलांचा धर्मशिक्षणाचा वर्ग बुधवारी संध्याकाळी भरतो आणि नेमकी तीच वेळ पती-पत्नींच्या कामाची. शेजारचे एक वयस्क शेतकरी आपण होऊन म्हणाले, "मी माझ्या नातवंडांना नेतोच, तुमच्या मुलालाही नेईन." तिला हायसे वाटले. परंतु कामावरच्या एका मैत्रिणीने सुचवले, "होकार देण्यापूर्वी कोर्टाचे दफ्तर एकदा पाहून घे." तिने पाहिले. दारू पिऊन गाडी चालवल्याबद्दल अकरा वर्षांपूर्वी त्या गृहस्थांना शिक्षा झाली होती, आणि तीही दुसऱ्यांदा. त्या रात्री तिचा मला फोन आला. "काका, मी पाहायलाच नको होतं का? आणि आता पाहिलंय, तर पुढे काय करू?"

तिच्या या दोन प्रश्नांनी मला कितीतरी दिवस अस्वस्थ केले.

अमेरिकेत राज्याचे विभाग म्हणजे काउंट्या. विस्कॉन्सिनमध्ये अशा ७२ काउंट्या आहेत. प्रत्येक काउंटीच्या मुख्य गावी न्यायालयाची इमारत असते आणि खटल्यांचे दफ्तर तेथील क्लार्ककडे असते. ते दफ्तर कोणाही नागरिकाने पाहावे, कारण का विचारले जाऊ नये, अशी तेथील परंपरा आहे. न्याय बंद दाराआड झाला तर तो न्याय राहत नाही, ही त्यामागची धारणा. १९७८ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने हा हक्क मान्य केला. मात्र तो अमर्याद नाही, खाजगी सूड उगवण्यासाठी किंवा चव्हाट्यावर बदनामी करण्यासाठी न्यायालयाचे दफ्तर वापरू देणे बंधनकारक नाही, असेही बजावले.

पूर्वी हे दफ्तर पाहायचे तर गाडी काढून काउंटीच्या गावी जावे लागे, खिडकीपाशी उभे राहून नाव सांगावे लागे आणि क्लार्कच्या नजरेला नजर द्यावी लागे. तो क्लार्क बहुधा ओळखीचाच असायचा. १९९९ पासून विस्कॉन्सिनमधील सर्किट न्यायालयांच्या खटल्यांची माहिती संगणकावर घरबसल्या दिसू लागली. नाव टाकावे, काउंटी निवडावी, की आरोप, तारीख, निकाल आणि दंड समोर येतात.

ही सोय वाईट आहे, असे मी म्हणणार नाही. दारू पिऊन गाडी चालवणाऱ्यांमुळे घडणाऱ्या अपघातांत एकट्या २०२२ साली अमेरिकेत साडेतेरा हजारांहून अधिक माणसे मरण पावली. १९८० साली कॅलिफोर्नियात कँडी लाइटनर या मातेची तेरा वर्षांची मुलगी अशाच एका चालकाच्या गाडीखाली गेली. पूर्वी याच गुन्ह्यात सापडलेला तो चालक काही दिवसांपूर्वीच जामिनावर सुटला होता. त्या मातेने चळवळ उभारली आणि देशाचे कायदे बदलले. ज्याच्या मागील अपराधांची कोणी नोंदच घेतली नाही, त्याच्या पुढील अपराधाची किंमत दुसऱ्याच्या लेकराने मोजावी, हा कुठला न्याय? विस्कॉन्सिनमध्ये अशा पहिल्या वेळेस केवळ दंडाची दिवाणी कारवाई होते; दहा वर्षांच्या आत दुसऱ्यांदा सापडल्यास मात्र तो फौजदारी गुन्हा ठरतो आणि किमान पाच दिवसांचा तुरुंगवास घडतो. तिसऱ्या वेळेपासून तर जुन्या शिक्षाही हिशोबात धरल्या जातात. आधीचा आकडा ठाऊक नसेल तर न्यायाधीशाने पुढचा आकडा कसा मोजावा? न्यायालयाला विसराळू होऊन चालत नाही.

तेव्हा पुतणीच्या पहिल्या प्रश्नाचे माझे उत्तर सरळ होते. पाहिलेस यात पाप नाही. ज्याच्या हाती आपण लेकरू सोपवतो, त्याचे हात पाहणे हे आईचे कर्तव्यच आहे.

खरी अडचण दुसऱ्या प्रश्नात आहे. आपल्या धर्मशिकवणुकीत खोटा आळ आणि परनिंदा यांत भेद केलेला आहे. खोटा आळ घेणे हे पाप आहे, हे कोणीही मान्य करील. पण दुसऱ्याचा खरा दोष योग्य कारणाशिवाय उघड करणे हेही पाप आहे, हे आपण सोयीस्करपणे विसरतो. "मी काय खोटे बोललो का?" हे आपले ठरलेले समर्थन असते. संत थॉमस अक्विनास यांनी हा विषय सूक्ष्मपणे हाताळला आहे. एखाद्या आवश्यक हितासाठी कोणी दुसऱ्याचा दोष सांगितला, तर ती निंदा नव्हे, असे ते मानतात. म्हणजे एकच सत्य एका ओठावर कर्तव्य असते आणि दुसऱ्या ओठावर पाप.

जुन्या काळी काउंटीच्या गावापर्यंतची वाट हा भेद काही अंशी आपोआप पाळत असे. ज्याला खरोखर गरज, तोच तीस मैल जाई; निव्वळ कुतूहल अर्ध्या वाटेवरून परत फिरे. १९८९ साली अमेरिकन सर्वोच्च न्यायालयाने एका निकालात हेच वेगळ्या शब्दांत मांडले. गावोगावच्या दफ्तरांत विखुरलेली माहिती आणि तीच माहिती संगणकात एका ठिकाणी गोळा झालेली, या दोन गोष्टी माणसाच्या खाजगी आयुष्याच्या दृष्टीने सारख्या नाहीत. अंतर हेही एक प्रकारचे पांघरूण होते. आता ते उरलेले नाही, आणि केवळ अमेरिकेतच नव्हे. आपल्याकडेही ई-कोर्टच्या संकेतस्थळावर पक्षकाराच्या नावाने खटला शोधता येतो.

शिवाय दफ्तर सगळे सांगते असेही नाही. विस्कॉन्सिनमध्ये काही गावांची स्वतःची नगर न्यायालये आहेत. तेथील प्रकरणे राज्याच्या या संगणकीय यादीत दिसत नाहीत. म्हणून नाव सापडले नाही एवढ्यावरून माणूस निर्दोष ठरत नाही. एकाच आडनावाची अनेक कुटुंबे असलेल्या भागात नावाच्या साम्याने भलत्याच्याच माथी दोष येऊ शकतो. आणि सर्वांत मोठी उणीव ही, की माणूस पडला त्या दिवसाची नोंद तेथे असते. तो उठला त्या दिवसाची नसते. निकालाच्या रकान्यापुढे दफ्तर मुके होते.

प्रायश्चित्त संस्कारात काहीही लिहिले जात नाही. धर्मगुरूने ऐकलेले त्याच्याबरोबरच कबरीत जाते. न्यायालयात सर्व काही लिहिले जाते. या दोन व्यवस्था परस्परांच्या शत्रू आहेत असे मला वाटत नाही. समाजाच्या रक्षणासाठी एकीने लक्षात ठेवायचे, माणसाच्या उद्धारासाठी दुसरीने विसरायचे. आपण सामान्य माणसे या दोहोंच्या मध्ये उभी असतो. आपल्याला दफ्तर वाचता येते. पण वाचल्यावर आपल्यावर एक ऋण चढते. ज्याचा पडलेला दिवस आपण पाहिला, त्याचे पुढचे दिवस त्याला विचारल्याशिवाय त्याच्याविषयी मत बनवायचे नाही, हे ते ऋण. दफ्तरापर्यंतची वाट यंत्राने संपवली असेल. माणसापर्यंतची वाट आपणच चालायची असते.

मी पुतणीला एवढेच म्हटले, "त्यांच्याकडे जा. आडून चौकशी करू नकोस, सबबही सांगू नकोस. पाहिलंय, म्हणून सांग."

ती गेली. ते गृहस्थ प्रथम लाल झाले. बराच वेळ हातातली टोपी फिरवत बसले. मग म्हणाले, "त्यानंतर मी प्यायलेलो नाही. पण माझ्या शब्दावर जाऊ नकोस, माझ्या सुनेला विचार. तिनं पूर्ण एक वर्ष नातवंडांना माझ्या गाडीत बसू दिलं नव्हतं." पुतणीने सुनेलाही विचारले. जे त्या घराने वर्षभर पारखले होते, ते कोणत्याही काउंटीच्या दफ्तरात लिहिलेले नव्हते.

सुनेचे उत्तर निराळे असते, तर पुतणीने त्यांना नम्रपणे नकार द्यावा, असेच मी म्हटले असते. क्षमा म्हणजे लेकराच्या जिवाशी खेळ नव्हे. तेव्हाही तिने तो नकार त्यांच्या तोंडावर दिला असता, गावभर नाही.

काही दिवसांनी त्या मैत्रिणीने उत्सुकतेने विचारले, "मग, काय सापडलं दफ्तरात?"

पुतणी म्हणाली, "आमचा मुलगा बुधवारी त्यांच्याच गाडीतून जातो."