तारीख एक, घटना दोन : दिवस अशुभ असतो काय?

मुहर्रम महिन्याच्या दहाव्या तारखेला ‘आशूरा’ म्हणतात. या तारखेशी इतिहासातील दोन मोठ्या घटना जोडलेल्या आहेत. एक सुटकेची, दुसरी हौतात्म्याची. मग हा दिवस शुभ मानावा की अशुभ? मुळात दिवस शुभ वा अशुभ असतो काय?

हिजरतीनंतर प्रेषित मुहम्मद (स.) मदीनेत आले, तेव्हा तेथील यहुदी लोक या दिवशी रोजा ठेवतात असे त्यांना आढळले. विचारणा केली असता कळले की, याच दिवशी अल्लाहने हजरत मूसा (अ.) व बनीइस्राईल यांना फिरऔनपासून सोडविले होते. मूसांशी (अ.) आमचे नाते अधिक निकटचे आहे, असे सांगून प्रेषितांनी (स.) स्वतः रोजा ठेवला व अनुयायांनाही तसा आदेश दिला. पुढे रमजानचे रोजे फर्ज झाल्यावर आशूराचा रोजा ऐच्छिक राहिला.

प्रेषितांच्या (स.) निधनानंतर सुमारे अर्ध्या शतकाने, हिजरी 61 मध्ये, म्हणजे इ.स. 680 च्या ऑक्टोबर महिन्यात, हीच तारीख करबलाच्या मैदानावर उगवली. यजीदची बैअत करण्यास नकार देणारे प्रेषितांचे नातू हजरत हुसैन (रजि.) आपल्या मोजक्या साथीदारांसह तेथे शहीद झाले. फुरात नदी जवळ असूनही त्यांच्यापर्यंत पाणी पोहोचू दिले गेले नव्हते.

वाचकहो, थोडा विचार करा. मूसांना (अ.) तारखेने तारले नाही, अल्लाहने तारले. हुसैन (रजि.) यांचे प्राण तारखेने घेतले नाहीत, सत्तेच्या लोभाने आंधळ्या झालेल्या माणसांनी घेतले. समुद्र दुभंगला त्या दिवशी जे पाणी एका समूहाला वाट देऊन गेले, तेच दुसऱ्याला बुडवून गेले. दिवस एकच होता. फरक होता तो माणसांच्या श्रद्धेत आणि आचरणात. दोष दिवसावर टाकला की अत्याचारी माणूस जबाबदारीतून अलगद सुटतो. शुभ-अशुभाच्या कल्पनेतील खरा धोका हाच आहे.

उलट, दिवसाची थोरवी वाढविण्यासाठी त्यावर घटनांची रास रचणेही योग्य नव्हे. आशूराच्या नावावर अनेक कथा सांगितल्या जातात. त्यांपैकी कित्येक रचलेल्या असल्याचे इब्ने जौजी यांच्यासारख्या हदीसतज्ज्ञांनी दाखवून दिले आहे. सत्याला अशा सजावटीची गरज नसते.

या बाबतीत प्रेषितांच्या (स.) जीवनातील एक प्रसंग मार्गदर्शक आहे. हिजरी 10 मध्ये त्यांचे तान्हे पुत्र इब्राहीम निवर्तले आणि त्याच दिवशी सूर्यग्रहण लागले. लोक म्हणू लागले, इब्राहीमच्या मृत्यूमुळेच सूर्य झाकोळला. पुत्रशोकाने व्याकूळ पित्याचा गौरव वाढविणारी ही समजूत होती. तरीही प्रेषितांनी (स.) ती तत्काळ खोडून काढली. सूर्य व चंद्र या अल्लाहच्या निशाण्या आहेत, कोणाच्या जन्मामुळे वा मृत्यूमुळे त्यांना ग्रहण लागत नाही, असे सांगून त्यांनी लोकांना नमाज व प्रार्थनेकडे वळविले. दोन घटना एका दिवशी घडल्या म्हणून एक दुसरीचे कारण ठरत नाही, हा धडा त्यांनी ऐन दुःखाच्या घडीला दिला.

आता आपल्या घरांकडे पाहू या. मुहर्रममध्ये निकाह नको, सफरचे पहिले तेरा दिवस, ज्यांना ‘तेरातेजी’ म्हणतात, जड असतात, असे आजही कित्येक कुटुंबांत मानले जाते. वास्तविक सफर महिन्याच्या अपशकुनाची कल्पना प्रेषितांनी (स.) स्पष्ट शब्दांत नाकारली आहे. याहून क्लेशदायक प्रकार म्हणजे, घरात मृत्यू झाला त्याच दिवशी मुलगी जन्मली तर तिला ‘पांढऱ्या पायाची’ म्हणून हिणवले जाते. ज्या निष्पाप जिवाने अजून डोळेही नीट उघडले नाहीत, त्याच्या माथी मृत्यूचा दोष मारणे हा अन्याय नव्हे काय? जीवन व मृत्यू अल्लाहच्या हाती आहेत, ही आपली श्रद्धा अशा वेळी कोठे जाते?

आशूराचा दिवस आपल्याकडे दोन गोष्टी मागतो : सुटका लाभली तर कृतज्ञता आणि अत्याचार समोर उभा ठाकला तर सत्यावरील निष्ठा. त्या दिवशी काय घडले हे जाणणे आवश्यक आहेच. परंतु अंतिम न्यायाच्या दिवशी विचारणा होईल ती आपण आपल्या दिवसांचे काय केले, याची.

अल्लाह आपणा सर्वांना अपशकुनाच्या भयातून मुक्त करो आणि प्रत्येक दिवस सत्कर्मात घालविण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.